शेजारच्या आजोबांना कसं सांगू?

मावशी,
आम्ही मूळचे साताऱ्याचे. गेली बारा वर्षं अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात राहतो. शेजारी एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ एकटेच राहतात, आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात आम्हाला बर्फ कसा उपसायचा हेही माहीत नव्हतं, तेव्हापासून ते आमच्या पाठीशी उभे आहेत. हरणाच्या शिकारीला त्यांनीच मला नेलं. परवाना काढायला लावला, नेम धरायला शिकवलं. गेल्या वर्षी मी स्वतःची रायफल घेतली आणि या नोव्हेंबरात मला पहिलं हरीण मिळालं.

डिसेंबरात मी आणि लेक (वय १२) रानात फिरायला गेलो, तर पांढऱ्या डोक्याचा एक गरुड बर्फात बसला होता. पंख ओघळलेले, मान खाली. अगदी जवळ गेलो तरी उडेना. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला फोन केला, ते येऊन घेऊन गेले. दोन दिवसांनी तो मेला. रक्तात शिसं निघालं. शिकारी लोक हरणाची आतडी रानात टाकून येतात, त्यांतल्या गोळीच्या कणांनी असं होतं, असं त्यांनी सांगितलं. मीही टाकून आलो होतो. लेक तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही आणि आजोबांकडे जायचंच तिने सोडलं आहे.

तो गरुड माझ्या गोळीने मेला का? आजोबांना हे कसं सांगू? शिशाच्या गोळ्यांचा विषय निघाला की 'हा शिकार बंद पाडायचा डाव आहे' म्हणून ते उठून जातात. आणि फ्रीझरमध्ये हरणाचं मटण भरलेलं आहे, धाकटा चार वर्षांचा आहे. त्या मटणाचं काय करू?

— झोप उडालेला एक बाप

*

बाळा,

झोप ज्या प्रश्नाने उडवली त्यालाच आधी हात घालते. तो गरुड तुझ्या गोळीने मेला की आणखी कुणाच्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. थंडीतला गरुड खाण्याच्या शोधात मैलोन्‌मैल हिंडतो. हरणाच्या मोसमात त्याच्यासाठी रानात जागोजागी पानं वाढलेली असतात. त्यातलं एक पान तू वाढलं होतंस, एवढं मात्र खरं. ते नाकारून तुला झोप लागणार नाही, म्हणून मी नाकारत नाही.

आता माझी गोष्ट ऐक, कारण मी तुझ्याच जागी बसले आहे. मी पशुवैद्य. मुंबईला परळच्या महाविद्यालयात शिकले आणि नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या दवाखान्यात नोकरीला लागले. बैलाला खांदेसूज आली, गाईची कास सुजली, म्हैस तापाने बसली, की डायक्लोफिनॅक या सूज-दुखणं कमी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं. स्वस्त होतं आणि गुण यायचा. संध्याकाळी टोचलं की सकाळी बैल वैरणीला तोंड लावायचा आणि शेतकरी आशीर्वाद देऊन जायचा. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा असायची, तिथे गिधाडं उतरायची. मग ती कमी झाली आणि पुढे उतरेनाशीच झाली. रोज त्या रस्त्याने मी जात होते, पण माझी पिशवी आणि ते रिकामं आभाळ यांचा एकमेकांशी संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

२००४ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या गिधाडांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर लवकरच मेलं तर औषध त्याच्या मांसात उरतं, आणि ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं काही दिवसांत निकामी होतात. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्के घटली. हजारातलं एक उरलं. ते वाचलं त्या रात्री मी जुन्या नोंदवह्या आठवत बसले होते. किती सुया टोचल्या असतील याचा हिशेब लागेना. बैल बरा करायचा म्हणूनच प्रत्येक सुई टोचली होती, आणि तरीही ती माझ्याच हाताने टोचली होती.

तर तुझी अवस्था मला ठाऊक आहे. आता त्या गरुडाच्या पोटात काय झालं ते नीट समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

शिसं मऊ असतं. रायफलची गोळी प्रचंड वेगाने हरणात घुसते, फुलते आणि फुलताना तिचा चुरा होतो. जखमेभोवतीच्या मांसात आणि आतड्यांत शिशाचे कण पसरतात, कधी कधी शेकड्यांनी. अशा कोथळ्याचा एक्स-रे काढला तर आभाळात चांदण्या उधळल्यासारखं दिसतं. पुष्कळ कण इतके बारीक असतात की चोचीला काय, आपल्या दातालाही लागणार नाहीत. गरुडाच्या जठरातलं आम्ल हाडं विरघळवणारं. त्यात शिसं विरघळतं आणि रक्तात उतरतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवतं, रक्त तयार होण्याचं काम अडतं, मज्जातंतू बधिर होतात, अन्न पुढे सरकायचं थांबतं. तू पाहिलेले ओघळलेले पंख आणि पडलेली मान ही त्याचीच लक्षणं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा एका गरुडाला पुरे होतो. शिसं बांधून बाहेर काढणारी इंजेक्शनं आहेत, पण तू पाहिलास तितका पक्षी खचल्यावर ती बहुतेक वेळा उशिराची ठरतात. तुम्ही दोघांनी फोन केलात तो योग्यच केलात. निदान त्याचे शेवटचे दोन दिवस उबेत गेले.

हा एकट्यादुकट्या गरुडाचा प्रश्न नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेच्या ३८ राज्यांतले १,२१० गरुड तपासले होते, पांढऱ्या डोक्याचे आणि सोनेरी असे दोन्ही. जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत वर्षानुवर्षं साचत गेलेलं शिसं सापडलं. ताजी विषबाधा हिवाळ्यात जास्त, म्हणजे गरुड जेव्हा मेलेल्या जनावरांवर जगतात तेव्हा. याच पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला अमेरिकेने एकदा मरणाच्या दारातून परत आणलं आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ झाली आणि १९६३ साली अलास्का सोडून सगळ्या देशात जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, पक्षी सावरला आणि २००७ मध्ये धोक्याच्या यादीतून बाहेर पडला. आज त्याची संख्या वाढतेच आहे, शिसं त्या वाढीला मागे ओढतं. पण ज्यांची संख्याच मूठभर आहे त्यांना ही ओढ सोसत नाही.

कॅलिफोर्नियाच्या काँडोरचं बघ. आपल्या गिधाडासारखाच मेलेल्यावर जगणारा, साडेनऊ फूट पंखांचा पक्षी. १९८२ साली जगात २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा काँडोरही पकडून आणला, तेव्हा सगळे मिळून २७ होते आणि सगळे पिंजऱ्यात. पैदास करून १९९२ पासून त्यांना परत सोडायला सुरुवात झाली. तेव्हापासून रानात त्यांच्या मरणाचं पहिल्या क्रमांकाचं कारण शिसं हेच राहिलं आहे. मादी साधारण दोन वर्षांतून एक अंडं घालते, पिल्लू वयात यायला सहा-आठ वर्षं लागतात, त्यामुळे गेलेल्या एका पक्ष्याची भरपाई सहज होत नाही. हे पक्षी पंगतीने जेवतात, म्हणून शिशाने बाटलेलं एकच जनावर अनेकांना पुरून उरतं. आजही त्यांना ठरावीक काळाने पकडून रक्त तपासावं लागतं, शिसं काढण्याचे उपचार करून पुन्हा सोडावं लागतं. स्वतंत्र म्हणून सोडलेल्या पक्ष्याला असं दवाखान्याच्या दोरीला बांधून जगवावं लागावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आजोबा.

'शिकार बंद पाडायचा डाव आहे' असं ते म्हणतात, त्या म्हणण्याला मान दे. अमेरिकेत रानाचं रक्षण शिकाऱ्यांच्या पैशावर पुष्कळ झालेलं आहे. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो, म्हणजे तुझ्या आजोबांनी आयुष्यभरात घेतलेल्या प्रत्येक खोक्यातून त्यांनी रानाला काहीतरी दिलं आहे. अशा माणसाला 'तुम्ही गरुड मारता' म्हणायचं नाही. ते खोटंही ठरेल आणि पुढचं सगळं बोलणंच संपेल.

त्यांना एक गोष्ट विचार. आजोबा, तुम्ही बदकांची शिकार करायचात का? मिनेसोटात त्या वयाच्या शिकाऱ्याने बदकं मारली नसतील तर मला नवल वाटेल. केली असेल, तर त्यांना १९९१ आठवतच असेल. त्या वर्षापासून सगळ्या अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे बंद झाले. कारण साधं होतं. कोंबडीच्या दुकानात आपण पोटा-कलेजी मागतो, त्यातला पोटा म्हणजे पक्ष्याचं जातं. दात नसलेलं बदक बारीक खडे गिळतं आणि त्यांवर दाणे भरडतं. दरवर्षीच्या शिकारीत तळ्यांच्या तळाशी छर्रे साचत गेले, बदकांनी ते खडे समजून गिळले आणि त्यांच्या जात्यात शिसं दळलं जाऊ लागलं. वर्षाला वीस लाखांच्या आसपास पाणपक्षी असे मरत असावेत, असा अंदाज होता. बंदी आली तेव्हा पुष्कळ शिकारी चिडले होते. पोलादी छर्रे हलके आहेत, लांब जात नाहीत, बंदुकीची नळी खराब करतात, आता बदकांची शिकार संपलीच, असं म्हणणारे खूप होते. मग झालं काय? मिसिसिपीच्या उड्डाणमार्गावर, म्हणजे तुमच्याच डोक्यावरून जाणाऱ्या वाटेवर, पुढे अभ्यास झाला. तिथल्या मॅलार्ड बदकांचे शिशाने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला, आणि १९९७ या एका वर्षात सुमारे १४ लाख बदकं वाचल्याचा. शिकार आजही चालू आहे. आजोबांनी हा बदल स्वतःच्या हाताने एकदा केलेला आहे. ही आठवण त्यांच्याच तोंडून येऊ दे. तू फक्त विचार आणि ऐकत बस.

डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे सगळीकडेच बंद केले आणि २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्याही. जपानमध्ये होक्काइदो बेटावर हरणांच्या कलेवरांतून समुद्री गरुड मरायला लागले, तेव्हा तिथे २००० सालापासून हरणाच्या शिकारीत शिशाच्या रायफल-गोळ्यांना बंदी आली. दोन्हीकडे शिकारी आजही मोसमात रानात जातात. पण ही उदाहरणं तुझ्या माहितीसाठी आहेत. आजोबांपुढे डेन्मार्क काढू नकोस, बदकंच पुरेत.

आणि नुसतं बोलून भागणार नाही, हे मी अनुभवाने सांगते. २००६ मध्ये जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, त्याला पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम होतं, ते गिधाडांना बाधत नाही. मी गावोगाव गिधाडांची महती सांगत फिरले. लोक मान डोलवायचे आणि दुकानातून जुनीच बाटली आणायचे. माझं म्हणणं कधी पटलं? ज्याच्या लंगड्या बैलाला मी नवं इंजेक्शन दिलं आणि बैल चालायला लागला, त्याला. मग त्याने शेजाऱ्याला सांगितलं. आधी औषधाने गुण दाखवला, गिधाडाची गोष्ट मागाहून आली. अॅरिझोना राज्याने काँडोरच्या प्रदेशातल्या शिकाऱ्यांशी हेच केलं. २००५ पासून त्यांना बिनशिशाची काडतुसं फुकट वाटली, वापरून पाहा म्हणाले. कायद्याची सक्ती नव्हती, तरी पुढे दहातले आठ-नऊ शिकारी सामील झाले, काहींनी गोळी बदलली आणि काहींनी कोथळा रानातून उचलून आणला. कॅलिफोर्नियाने कायदा केला, २०१३ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला लागू झाला. कायद्याशिवाय शेवटचा माणूस बदलत नाही आणि काँडोरसारख्या पक्ष्याला तो शेवटचा माणूसच महागात पडतो, म्हणून मी कायद्याच्याच बाजूची आहे. पण तुझ्या कुंपणापलीकडे कायदा राहत नाही, म्हातारा माणूस राहतो. त्यासाठी अॅरिझोनाची वाट.

म्हणून आधी तू बदल. तुझ्या रायफलच्या मापाची निखळ तांब्याची काडतुसं घे. इथे एक चूक बरेच जण करतात. तांब्याचं आवरण असलेली गोळी आणि तांब्याची गोळी या दोन निराळ्या वस्तू आहेत, वरून सारख्या दिसल्या तरी पहिलीच्या पोटात शिसंच असतं. खोक्यावर 'लेड-फ्री' स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांबीला जास्त भरते आणि प्रत्येक रायफलला प्रत्येक गोळी मानवत नाही. दोन-तीन प्रकार आणून बघावे लागतील आणि नेम पुन्हा जुळवून घ्यावा लागेल. त्याआधी नळी नीट साफ कर. ही तांब्याची गोळी हरणात शिरल्यावर पुढच्या टोकाला पाकळ्यांसारखी उमलते, पण बहुतेक वेळा एकाच तुकड्यात राहते, तिचा चुरा होत नाही. साध्या खोक्यापेक्षा पैसे थोडे जास्त पडतील. वर्षाकाठी हरणावर झाडायच्या गोळ्या किती, दोन-चार. तेवढ्यासाठी हात आखडू नकोस.

नेम जुळवायला आजोबांना सोबत घेऊन जा. ऑगस्ट-सप्टेंबरात, मोसम सुरू व्हायच्या पुष्कळ आधी. 'आजोबा, ही नवी काडतुसं माझ्या रायफलला बसत नाहीयेत, जरा बघता का?' एवढंच म्हण. यात कसलीही लबाडी नाही, तुला खरोखरच त्यांची मदत लागणार आहे. शिकवण्याची जागा त्यांची आहे, ती त्यांच्याकडेच राहू दे. त्यांच्या हातून गोळी एका ठिकाणी बसायला लागली की गरुडाची हकीकत सांग, आणि सगळी सांग. तू कोथळा टाकून आला होतास हेही सांग. ते ऐकतील की नाही याची हमी मी देऊ शकत नाही. नाहीच ऐकलं, तर एवढं तरी मागून घे की या वर्षी दोघांच्या हरणांचा कोथळा आपण बादलीत भरून घरी आणू. पहिल्या आठवड्यातच थंडी पडली तर जमीन गोठलेली असेल, खड्डा खणता येणार नाही, म्हणून झाकणाची बादली आणि जाड पिशव्या गाडीत आधीच ठेव. शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचं काहीही रानात मागे राहू द्यायचं नाही, जखमेभोवतीचं कापून काढलेलं मांससुद्धा.

लेकीचं वेगळं. बारा वर्षांचं पोर 'चुकून झालं' या शब्दाने समजूत काढून घेत नाही. तिला समोर बसवून सांग, माझ्या गोळीत शिसं होतं, मला त्याचं काय होतं हे माहीत नव्हतं, आता माहीत आहे. मग त्या नव्या काडतुसांचं खोकं तिच्या हातात दे आणि त्यावर काय लिहिलंय ते तिलाच वाचायला लाव. माझ्या मुलीने मला विचारलं होतं, 'आई, तुला कुणीच सांगितलं नाही का गं?' कुणाला माहीतच नव्हतं, हे उत्तर तिला पुरलं नव्हतं. मी मेलॉक्सिकॅमच्या बाटल्या घेऊन फिरायला लागले तेव्हा मात्र ती सुट्टीत माझ्याबरोबर यायला लागली. आजोबांकडे जा म्हणून तिच्यामागे लागू नकोस. पण त्या म्हाताऱ्याने तिला कधी ओट्यावर बसवून सफरचंद कापून दिलं असेल, ते ती विसरलेली नाही. रस्ता तिचा तीच शोधेल.

राहिलं मटण. मिनेसोटाच्याच वन्यजीव खात्याने २००८ साली मेंढ्यांच्या कलेवरांवर गोळ्या झाडून पाहिलं होतं. शिशाचे कण जखमेपासून दीड फुटापर्यंत सापडले, आणि मांस पाण्याने धुतल्यावर जखमेपाशी कमी होऊन इतरत्र पसरले. तेव्हा धुऊन काढू या भ्रमात राहू नकोस. शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्याने त्याच वर्षी सांगितलं की गरोदर बायकांनी आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या शिकारीचं मांस खाऊ नये. लहान मुलाच्या मेंदूला अमुक इतकं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळीच नाही. सगळ्यात जोखमीचा खिमा, कारण जखमेजवळचं मांस त्यात मिसळून सगळीकडे जातं. तो सगळा टाक, आणि कचऱ्यात टाक, रानात नाही. मागच्या मांडीचे अखंड तुकडे, जखमेपासून लांबचे, तुम्ही मोठ्यांनी खायचे की नाही ते तुम्ही ठरवा; मी माझ्या घरात शिजवले नसते. आजोबांनी पुन्हा पाकीट पुढे केलं तर 'डॉक्टरांनी धाकट्याला शिकारीचं मटण बंद केलंय' म्हण. ते खोटं ठरू नये म्हणून मुलाच्या डॉक्टरांना या आठवड्यातच फोन कर, आतापर्यंत त्याने काय आणि किती खाल्लं ते सांग आणि त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घे.

तुझी,
मावशी